रोख मिळाले

पहिल्यांदा गेले तेव्हा गेटवरच्या पोराने विचारलं,
"काकू, तुम्ही कोणाच्या आई?"
कोणाचीच नाही, म्हटलं, एक तिकीट दे.
त्याने मनगटावर शिक्का उठवला,
कारखान्याच्या जुन्या ऑफिसात सापडलेला :
रोख मिळाले.

मिरकरवाड्यातला हा बर्फाचा कारखाना
सहा वर्षं बंद आहे.
लाद्यांचे साचे अजून भिंतीला टेकून उभे.
अमोनियाचा वास गेला म्हणतात. गेलेला नाही.
एप्रिलात पत्रा असा तापतो
की रात्री आठलाही हात लावू नये,
आणि खाली आम्ही सतरा माणसं,
त्यात दोघं साउंडवाले.

बँडचं नाव सुकट.
नेत्रा भाटकर गाते, डोळे उघडे ठेवून,
आपल्याकडे तिचं काही उसनं राहिल्यासारखी बघत.
ड्रमवर तबरेज सोलकर,
दिवसा मामाच्या ट्रॉलरचा हिशेब लिहितो.
बेसवाल्याचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.
गाणी त्यांचीच. एक खाडीपुलावर बंद पडलेल्या स्कूटरचं.
एकात नुसते माशांचे भाव,
पण सरंग्याशी येईस्तोवर
माझा घसा का दाटला, कोण जाणे.

मला गाण्यातलं कळत नाही.
मी एक्स-रे काढते, जयस्तंभाजवळ, पहिल्या मजल्यावर.
एवढंच समजलं
की बेस आधी बरगड्यांना ऐकू येतो,
कानांना मागाहून.

वहिनीने विचारलं, रात्रीची असतेस कुठे?
गाणं ऐकायला जाते.
कुणाचं?
सुकटचं.
ती गच्चीत घातलीये, म्हणाली,
मांजर येतं, जरा बघ जाऊन.

मेच्या पहिल्या आठवड्यात साळवी स्टॉपच्या एका लॉजवर, गच्चीत.
तिसऱ्या गाण्याला लाइट गेली.
अख्खी रत्नागिरी गेली.
तबरेजने पाण्याची बादली ओतून पालथी घातली.
नेत्रा माइकशिवाय गायली
आणि कळलं, आवाज मुळात केवढासा आहे.
कोणी सांगितलं नाही,
सगळे दोन पावलं पुढे सरकलो.
ओल्या गच्चीवर चपला चिकटत होत्या.

मग भाट्याच्या सुरूबनात.
हवालदार आले, परवानगी विचारली.
नव्हती.
"हे एवढं संपवा नि बंद करा."
ते एवढं अकरा मिनिटं चाललं.
त्यांचा उजवा बूट वाळूत ठेका धरून होता,
त्यांना सांगायला कोण जाणार.

शेवटचा एकतीस मेला, परत कारखान्यात.
उद्यापासून मासेमारी बंद,
होड्या वर ओढून झालेल्या,
खलाशी जेवून, केस विंचरून आले होते.
तीनशे तरी माणूस.
पोराने काही विचारलं नाही,
नुसता हात पुढे घेतला. "आलात."
शाई संपत आली होती, "रोख" तेवढं उठलं.

तबरेज दोह्याला निघालाय असं मागे कोणीतरी म्हणालं.
कोणी म्हणालं, नेत्राच जातेय.
मी मागे वळून विचारलं नाही.
शेवटच्या गाण्याआधी
त्याने काठ्या वर उचलल्या
आणि खाली आणल्या नाहीत.
पंखा ऐकू येत होता.
कोणाच्या तरी हातातलं किल्ल्यांचं जुडगं.
शेजारचा खलाशी, त्याच्या दंडाला डिझेलचा वास,
तोही माझ्यासारखाच थांबलेला, आत घेतलेला श्वास घेऊन.

सोमवारी सकाळी पहिलेच एक आजोबा, छातीचा फोटो.
हनुवटी वर. खांदे पुढे, अजून थोडे.
माझं मनगट बघून म्हणाले,
"किती मिळाले?"
मी काचेमागे गेले. कान वाजत होते.
श्वास घ्या, म्हटलं.
धरून ठेवा.
आणि बटण दाबायला
रोजच्यापेक्षा किंचित उशीर केला.